हात न लावता मिळालेला वाटा

लवू वेडा झाला नव्हता. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण आमच्या वाडीत कुणी गोष्ट सांगायला बसलं की हा शब्द मधे कधी घुसवील याचा नेम नसतो. मी मथुरा. वाडीची आशा सेविका, म्हणजे गरोदर बायांची वजनं, पोरांचे डोस, म्हाताऱ्यांचं बीपी, आणि वर सरकारचे छप्पन्न कागद. माझा नवरा बाळा आमच्या रापणीचा म्होरक्या. लवू त्याचा चुलतभाऊ, चार घरं सोडून राहणारा, मला वयनी म्हणणारा. त्याचं जे झालं त्यात आमच्या घराचा हात आहे, आणि बाळापेक्षा माझा जास्त आहे.

रापण ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. होडी जाळं घेऊन समुद्रात जाते, अर्धगोल मारून परत किनाऱ्याला लागते. जाळ्याच्या दोन टोकांना दोऱ्या. तीस-चाळीस माणसं दोन बाजूंनी त्या दोऱ्या ओढत जाळं वाळूवर आणतात. होडीचा आणि जाळ्याचा वाटा काढला की उरलेली मासळी सगळ्यांची, सारखी. ज्याचा हात दोरीला लागला त्याला वाटा, मग तो सोळा वर्षांचा असो की साठ. फक्त दोघांना हात न लावता वाटा घरपोच जातो. एक अंथरुणाला खिळलेला रापणकर, दुसरी मेलेल्या रापणकराची बायको. हे कुठे लिहिलेलं नाही, पण मी लग्न होऊन आल्यापासून कुणी मोडलेलं बघितलं नाही.

लवूचं खरं काम दोरीच्याही आधीचं. तो पाणी बघायचा. सकाळी सुरूच्या झाडांखाली तोंडात पान कोंबून, कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. आम्हाला दिसायचा तो नुसता समुद्र. त्याला त्यात तारली दिसायची, पेडवे दिसायचे, बांगडे कुठल्या अंगाने चाललेत ते दिसायचं. "बाळा, थंय बघ, पाणी काळवंडला. घाल होडी!" की सगळी वाडी धावायची. फुशारकी तर इतकी मारायचा की विचारू नका. एकदा त्याच्या शब्दावर जाळं टाकलं आणि आत आले नुसते जेलीफिश. हाताला खाज सुटून माणसं हैराण. पुढे वर्षभर बाजारात कुणी जेलीफिश बघितला की म्हणायचं, लवूची तारली इली. तो रागवायचा नाही. म्हणायचा, "देवाक पण कधीतरी चुकूक व्हया मां."

मग बाहेरचे मोठे ट्रॉलर दिवे लावून यायला लागले, आणि किनाऱ्याजवळ यायची ती मासळी तिकडेच संपायला लागली. चाळीस माणसांनी दोन तास ओढायचं आणि प्रत्येकाच्या वाट्याला मूठभर मोतके, बोटाएवढी मासळी. लवूची मुलगी आकांक्षा तेव्हा बारावीला होती. लॉकडाऊन उठल्यावरच्या वर्षी लवू ठाण्याला गेला. विजयदुर्गचा खालिद तिकडे लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, त्याने एका टॉवरमध्ये वॉचमनची नोकरी बघून दिली. खालिदचा यात काडीचा दोष नाही, तो भला माणूस.

नोकरी दुसऱ्या तळघरात. जमिनीखाली एक पार्किंग, त्याच्याखाली आणखी एक. गाड्यांना मागे-पुढे घ्यायला हात दाखवायचा आणि वहीत नंबर लिहायचा. बारा तास. दुसरा माणूस आला नाही की चोवीस. पहिल्या महिन्यात लवू बायकोला, अनुजाला, फोनवर सांगायचा, "काम सोपा आसा गो. ऊन नाय, पाऊस नाय." दुसऱ्या वर्षी तो म्हणायला लागला, झोप येत नाही. तिसऱ्या वर्षी फोन आठवड्याचा पंधरवड्यावर गेला, आणि अनुजा म्हणायची, "वयनी, तो फोन करता, पण बोलना नाय. नुसतो पंख्याचो आवाज येता." मी तिला म्हटलं, दमत असेल. मी, जिला दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन मानसिक आरोग्याचा कागद हातात दिला होता, ती मी म्हटलं दमत असेल!

गेल्या वर्षी ऐन आषाढात खालिद त्याला घेऊन आला. दारात उभा असलेला माणूस लवू आहे हे कळायला मला क्षण लागला. अंगावर मांस नाही, दाढी वाढलेली, आणि ते डोळे कुणावरच ठरत नव्हते. खालिदने मला बाजूला घेतलं. म्हणाला, "वयनी, ड्युटी संपल्यावर सकाळी ह्यो एकतीस माळे चढून गच्चीर गेललो. कॅमेऱ्यात दिसलो. चार माणसा धावली, पकडून खाली आणल्यानी. उडी मारतलो होतो म्हणतत. नोकरी गेली." मग म्हणाला, "मी इचारलंय तेका. म्हणता, पाणी बघूक गेललंय. थंयसून खाडी दिसता."

मी चारच दिवसांनी लवूला स्वतः विचारलं. प्रशिक्षणात सांगितलेलं, आडून विचारू नका, सरळ विचारा. त्याच्या पडवीत बसून म्हटलं, "लवू, मरूचा मनात येता काय रे?"

तो म्हणाला, "वयनी, थंय खाली आसताना मी जिवंत आसंय काय नाय, ह्यांच कळी नाय. दिवस काय, रात काय. दिवसात शंभर माणसा समोरसून जायत, एकान नाव इचारूक नाय. वर गेलंय, खाडी दिसली. भरती होती. वायच बरा वाटला. तितक्यात तेंनी धरल्यानी."

आता लिहिताना ते इतकं स्वच्छ दिसतं की माझाच मला राग येतो. तो खरं सांगत होता. मी मात्र त्या चार माणसांवर विश्वास ठेवला, ज्यांना त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर एक तरुण मुलगी होती, शांतपणे ऐकणारी. तिने गोळ्या दिल्या. म्हणाली, आधी झोप दुरुस्त होऊ दे. एकटं बसू देऊ नका. जे काम त्यांना आवडत होतं त्यात हळूहळू घाला, तेच खरं औषध. मी मान डोलावली. घरी येऊन माझ्या वहीत लिहिलं: रात्री एक गोळी, सांभाळणे. 'सांभाळणे' हा शब्द माझा, डॉक्टरचा नव्हे. तिने सांगितलेलं आवडीचं काम वहीत आलंच नाही.

गोळ्यांनी झोप आली. श्रावण लागेपर्यंत तो दोन वेळा जेवायला लागला. एक दिवस आमच्या पडवीत येऊन बसला आणि बाळाच्या शेजारची सुई उचलून जाळं विणायला लागला, न विचारता. नारळी पौर्णिमेला त्याने दाढी केली. त्याची आई आनंदीबाई मला रस्त्यात गाठून म्हणाली, "झिल माझो परत येता गो वाटता." लवू रोज एकच प्रश्न विचारायचा, "बाळा, रापण कधी घालतलंस?" समुद्र शांत व्हायची वाट सगळेच बघत होते, पण त्याची वाट वेगळी होती. तो त्याच्यासाठीच अंथरुणातून उठला होता. आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं, हेच तर दुःख आहे.

रापण घालायच्या आदल्या दिवशी मी बाळाला म्हटलं, लवूला दोरी देऊ नको.

"रापण सोडून तेका खंय बसवतलंस?" बाळा चिडला.

"गोळयेची गुंगी आसा तेका. पाण्यात कमरेपर्यंत उतरूचा लागता. काय झाला तर सगळी वाडी माका खातली. सांभाळूक सांगितला डॉक्टरान."

त्यात लवूच्या जिवाची काळजी होती, खोटं कशाला बोलू. पण उद्या काही झालं तर बोट माझ्याकडे येईल, हीसुद्धा काळजी होती. शेवटी बाळाने ऐकलं. माझं सहसा तो ऐकत नाही, नेमकं तेव्हा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी लवू सगळ्यांच्या आधी किनाऱ्यावर. अर्धी चड्डी, डोक्याला पंचा. सुरूखाली उभा राहिला, तोंडात पान. बराच वेळ बघत राहिला आणि मग बोट दाखवून म्हणाला, "थंय. बांगडो आसा." तीन वर्षांनी पहिल्यांदा. माणसं हसली, होडी गेली, जाळं पडलं. दोऱ्या किनाऱ्याला लागल्या तशी माणसं दोन रांगांत उभी राहिली, आणि लवू डाव्या दोरीकडे गेला, त्याच्या नेहमीच्या जागी, बाळाच्या मागे. त्याने दोरी धरायला हात पुढे केला.

बाळाने दोरी आपल्याकडे ओढून घेतली. हळूच, प्रेमाने. "तू बस रे लवू. दमतलंस. तुझो वाटो घराक येतलो."

"मी ओढतंय रे," लवू म्हणाला.

"बस रे, आमी आसव मां," मागून कुणीतरी म्हणालं. मग दुसरा म्हणाला, तिसरा म्हणाला. सगळे आपलेच, सगळ्यांच्या आवाजात माया. वाडीने एका माणसाला इतक्या गोडीने बाजूला बसवलेलं मी कधी बघितलं नव्हतं. लवू उपड्या होडीवर जाऊन बसला. मी झाडांखाली उभी होते आणि माझे डोळे भरून आले. किती चांगली माणसं आपली, असं वाटलं मला. तेव्हा तेच वाटलं.

जाळ्यात बांगडे आले, त्याने सांगितलेले. वाळूवर चांगला कमरेएवढा ढीग पडला. वाटे घातले आणि लवूच्या घरचे वाटे मी स्वतः घेऊन गेले. हो, वाटे. कारण त्या घरात एक वाटा आधीपासून जात होता. लवूचा बाप बावीस वर्षांपूर्वी वारला, तेव्हापासून आनंदीबाईला मेलेल्याच्या बायकोचा वाटा जातो. तिने तिचं पातेलं पुढे केलं, मी त्यात बांगडे ओतले. मग दुसरी पिशवी पुढे केली.

लवू पायरीवर बसला होता. "ह्यो कोणाचो?"

"तुझो."

"मी दोरयेक हात लावलंय नाय."

"नाय लावलंस तरी तुझोच. बाळान धाडल्यान."

त्याने आईच्या पातेल्याकडे बघितलं, मग माझ्या पिशवीकडे. "म्हणजे वयनी, आता मी आवशीच्या पंगतीत बसलंय."

"असा काय बोलतंस रे," आनंदीबाई म्हणाली. "मायेन दितत. घे."

"बरा," लवू म्हणाला, आणि पिशवी घेतली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी सावध झाले असते, भांडले असते, भांडण मला येतं. तो नुसता 'बरा' म्हणाला आणि मी हलक्या मनाने घरी आले.

त्यानंतर तो किनाऱ्यावर आला नाही. रापण पडली की वाटा मात्र जात राहिला, चांगले मोठे मासे निवडून, कारण बाळाने तसं सांगून ठेवलं होतं. लवूने एकही खाल्ला नाही. अनुजाने त्यातले काही सुकवले, काही शेजारी दिले. मी विचारलं तर म्हणायची, त्याला वास सहन होत नाही. मासळीचा वास लवूला सहन होत नाही! त्यावर तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. मी काय केलं, तर आनंदीबाईला म्हटलं गोळी बदलून घेऊ.

दहाव्या दिवशी लवू गेला. सकाळच्या एसटीने मालवण, तिथून ठाण्याची बस. अनुजा धावत आमच्याकडे आली, हातात गोळ्यांचं पाकीट. "ह्यां हंयच ठेवल्यान," म्हणाली. त्या दहा दिवसांत त्याने एकही गोळी घेतली नव्हती. रापणीच्या दिवसापासून बंद. आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते असं. दहा दिवस मी गोळी बदलायचा विचार करत होते.

मी बाळावर ओरडले. दोरी का ओढून घेतलीस, निदान टोकाला तरी धरू द्यायची होतीस. बाळाने शांतपणे सांगितलं, "तूच सांगितलंस." मग आम्ही दोघं आठवडाभर एकमेकांशी कामापुरतं बोलत होतो. वाडी मात्र लगेच म्हणायला लागली, लवूला शहराची चटक लागली. वाडीला काय, बोलायला पैसे पडत नाहीत.

लवू फोन उचलत नव्हता. दिवाळी झाल्यावर मी आणि बाळा गोळ्या घेऊन ठाण्याला गेलो. खालिद आम्हाला घ्यायला आला. आता टॉवर दुसरा होता, तळघर मात्र तसंच, दोन मजले खाली. उतारावरून खाली जाताना बाळा मधेच थांबला आणि म्हणाला, "हंय वारो नाय." खाली ट्यूबलाइट, पांढऱ्या पट्ट्या, पंपाचा आवाज. एका खांबाजवळ निळा शर्ट घातलेला एक माणूस पाठमोरा उभा. आमची चाहूल लागताच वळून म्हणाला, "मॅडम, इथे उभं राहू नका, गाडी येतेय."

मी म्हटलं, "लवू, मी मथुरा."

त्याने आम्हाला ओळखलं होतं. ओळखूनसुद्धा तसाच बोलला, "वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेतलात? फोन करायचा होता." वाक्य धडधडीत शुद्ध, शाळेतल्या पुस्तकातल्यासारखं.

बाळा पुढे झाला. त्याला शब्द सुचत नसले की तो भरभर बोलतो. "लवू, चूक झाली माझी. मी दोरी ओढूक नको होती. चल घराक. गेल्याबरोबर दोरी तुझ्या हातात देतंय, म्होरक्या व्हयो तर तू हो."

लवू अगदी समजुतीने म्हणाला, "बाळा, आता तू दोरी दिलीस तर सगळे माझ्याकडेच बघणार, लवूला ओढवतंय की नाही. मी ओढेन आणि तुम्ही बघत राहाल. गावात मी आजारी आहे. इथे मी कामावर आहे. इथे कुणाला माहीत नाही."

प्रशिक्षणात मिळालेला मानसिक आरोग्याचा तो नऊ प्रश्नांचा कागद माझ्या पिशवीत होता. मी नुसती गोळ्यांची पाकिटं काढून त्याच्या हातात दिली, आणि काय वाटेल ते झालं तरी रात्री एक घे म्हणून सांगितलं. त्याने शर्टाच्या खिशात टाकली. "घेईन," म्हणाला. आईची चौकशी केली, आकांक्षाचं नर्सिंग कसं चाललंय विचारलं. डोळे सुजलेले होते, आणि तो दोन्ही हात मागे धरून उभा होता, साहेबासमोर उभं राहतात तसा.

वरून हॉर्न वाजला. लवू धावला. गाडीच्या मागे उभा राहून हात हलवत म्हणाला, "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या, बस." गाडीवाल्याने काच खाली न करता इंजिन बंद केलं.

वर येताना गेटवरच्या दुसऱ्या वॉचमनने आम्हाला विचारलं, तुम्ही त्याचे गाववाले का. मग कौतुकाने सांगायला लागला. एक नंबर माणूस. दोन-दोन ड्युट्या करतो, सुट्टी मागत नाही, पंपाच्या खोलीजवळच चटई टाकतो. अकरा दिवस झाले, वरसुद्धा आला नाही. बाळा तिथेच पायरीवर बसला आणि रडायला लागला. चार माणसं बघत होती, पण तो रडतच राहिला. मी त्याला उठवलं नाही.

परत आलो तेव्हा अनुजा स्टॉपवर उभी होती. बस थांबायच्या आत खिडकीशी आली. "भेटलो?"

"भेटलो."

"काम करता?"

"करता," मी म्हटलं. "दोन-दोन ड्युटये करता."

तिच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम सुटला. किती महिन्यांनी ती अशी दिसली. "मगे बरो आसतलो," ती म्हणाली. "काम करता म्हणजे बरो आसा मां, वयनी?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता घराकडे धावली. अंगणातूनच सासूला ओरडून सांगत होती, "आये, बरो आसा तो! कामाक जाता! दोन ड्युटये करता!" आतून आनंदीबाईने देवाचं नाव घेतलेलं मला रस्त्यावर ऐकू आलं.

मी तिच्या मागे गेले नाही. आशा सेविकेने घरच्यांना खरं सांगायचं असतं, तेवढ्यासाठीच तिला घरोघर फिरवतात. मी तिला अकरा दिवसांचं सांगितलं नाही. आणि तासभर आमच्यासमोर उभा असून लवूने एक शब्द आपल्या बोलीतला काढला नाही, तेही सांगितलं नाही.